भोग, सहन आणि गौरव : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तश्रद्धेतील दुःखाचा अर्थ

मराठीतील 'भोगणे' हे क्रियापद दुतोंडी आहे. माणूस वतन भोगतो, राज्य भोगतो, सुख भोगतो. आणि तोच माणूस शिक्षा भोगतो, हाल भोगतो, केल्या कर्माचे फळ भोगतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच राहते, कारण त्यामागील कल्पना एकच आहे. जे आपल्या वाट्याला पूर्वीच लागून आले आहे ते आपण अनुभवून संपवितो, आणि संपले की त्या बाजूचा हिशेब मिटतो. नाम म्हणून 'भोग' हा शब्द बोलीत आला की मात्र बहुधा दुःखाचीच बाजू पुढे येते. 'माझे भोग' असे म्हणणारी स्त्री आपल्या सुखाविषयी बोलत नसते.

ख्रिस्ती धर्माचे मूळ प्रतिपादन ह्या हिशेबात बसणारे नाही. एक निरपराध पुरुष अपराध्याच्या मरणाने मरतो. ते मरण त्याच्या कर्माचे फळ नव्हे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे क्रूसावर उंच केले जाणे हाच त्याच्या गौरवाचा क्षण होय. ही गोष्ट मराठीत सांगावयाची तर दुःखाला कोणता शब्द योजावा, गौरवाला कोणता, आणि त्यातून मिळणाऱ्या शांतीला कोणता? प्रश्न वरवर भाषांतराचा दिसतो. परंतु ज्या समाजात दुःख हा एक निकाल मानला जातो, तेथे दुःखातून गौरव मिळते असे म्हणणे म्हणजे त्या निकालाविरुद्ध अपील करणे होय. मराठी भाषिकांत हे अपील सर्वाधिक तीव्रतेने ज्यांनी केले त्या पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्या जीवनात हा भाषेचा प्रश्न आणि जगण्याचा प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की एकाचा विचार दुसऱ्यावाचून करता येत नाही.

रमाबाईंच्या पूर्वी हा प्रश्न मराठीने दोनदा हाताळला होता. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने साष्टीत दीर्घकाळ राहून जे 'ख्रिस्तपुराण' रचले ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथात स्टीफन्सने पुराणकाराचा घाट, ओवीचा ठेका आणि परंपरेचे शब्द मोकळेपणाने घेतले; स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. ख्रिस्ताचे दुःखसहन त्याने अशा रीतीने श्रोत्यांच्या कानांवर घातले, की पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती माणसाला ते परके वाटू नये. ज्या भूमीत हे घडले तिच्यावरचे रक्त मात्र जुने नव्हते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्वाविवा व त्याचे चार जेझुइट सहकारी मारले गेले आणि त्यानंतर त्या गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. पहिल्या पाचांना चर्चने हुतात्मे मानले आणि १८९३ साली 'धन्य' घोषित केले. दुसऱ्यांच्या मरणाला कोणताही गौरवाचा शब्द त्या काळी लाभला नाही. दुःखातून गौरव ही कल्पना इतिहासात कोणाच्या दुःखाला लागू केली जाते, हा प्रश्न येथपासूनच उभा आहे.

दुसरा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा. विल्यम केरीच्या देखरेखीखाली श्रीरामपूर येथे १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार मराठीत छापला गेला, व पुढे मुंबईत ह्या कामाच्या सुधारलेल्या आवृत्त्या झाल्या. ह्या भाषांतरांना पंडितांचे साहाय्य होते, आणि त्यामुळे धर्मविषयक शब्दांत संस्कृताचे वजन मोठे राहिले. त्यांतील दोन शब्दांकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे.

पहिला शब्द 'गौरव'. गुरु म्हणजे जड. गौरव म्हणजे जडपणा, त्यावरून वजन, त्यावरून मान. हिब्रू बायबलात ज्या कल्पनेसाठी 'काबोद' हा शब्द येतो त्याचाही धातू 'जड असणे' ह्याच अर्थाचा आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी 'डोक्सा' हा शब्द घेतला. त्याचा जुना अर्थ नुसता 'मत', फार तर 'लोकांत असलेले चांगले मत' एवढाच होता, आणि हिब्रू शब्दाचा भार त्याने पुढे उसना उचलला. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आताचे क्लेश हलके आणि होणारे गौरव भारी अशी जी तागडी धरली आहे, तिच्यामागे हा हिब्रू श्लेष उभा आहे. ग्रीक वाचकाला तो समजावून सांगावा लागतो, इंग्रज वाचकाला तर फारच. मराठी वाचकाला मात्र तो शब्दाच्या पोटातच आयता मिळतो. भाषांतरकारांनी हे जाणून केले की केवळ सुदैवाने घडले हे महत्त्वाचे नाही. ज्या भाषेत मानाला वजन म्हणतात, तिला दुःख आणि गौरव एकाच तराजूत घालणे स्वाभाविक जाते, हे महत्त्वाचे.

दुसरा शब्द 'शांती'. आणि येथे सुदैवाने साथ दिलेली नाही. 'शम्' ह्या धातूचा रोख थांबण्याकडे, निवण्याकडे आहे. शांत झालेला अग्नी म्हणजे विझलेला अग्नी. लौकिक व्यवहारात तर ग्रहशांत, वास्तुशांत, उदकशांत अशा विधींनी हा शब्द घराघरांत रुळलेला : पीडा आहे, तिचे कारण ग्रहांत किंवा पूर्वकर्मात आहे, विधी केला की ती शमते. हिब्रू 'शालोम'चा धातू मात्र 'पुरे असणे, अखंड असणे' असा अर्थ देतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित ख्रिस्त भ्यालेल्या शिष्यांपुढे उभा राहून शांतीचे अभिवादन करतो, आणि लगेच त्यांना आपले हात व कूस दाखवितो. जखमा तशाच आहेत. काहीही शमलेले नाही. तरी ती शांती आहे. ज्याच्या मनात 'शांती' म्हणजे पीडेचे निवारण असा अर्थ बसलेला आहे त्या वाचकाला हा प्रसंग दोन ओळींत विसंगत वाटला तर दोष त्याचा नव्हे.

रमाबाईंचे बालपण ह्या दुसऱ्या अर्थाच्या शांतीचा शोध घेण्यातच गेले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वैष्णव पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना आप्तांचा विरोध सहन करावा लागला, आणि सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात त्यांनी आश्रम घातला. रमाबाईंचा जन्म तेथला. पुढे घरची संपत्ती संपली आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळ होते नव्हते ते दान, व्रते, देवपूजा यांत गेले होते. शास्त्राने दारिद्र्यनाशाचे जे उपाय सांगितले ते सर्व त्यांनी श्रद्धेने केले होते. मजुरी करणे हा उपाय त्यांत नव्हता. शेवटचे धान्य संपल्यावर अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला, तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि जातीचा अभिमान सोडून आपण काम करू असे म्हणाला. निश्चय मागे पडला, परंतु उपासाने झिजलेले वडील फार दिवस जगले नाहीत. मागोमाग आई गेली, आणि थोरली बहीणही. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास माणसे पुरेशी मिळेनात. रमाबाईंना स्वतः तिरडी उचलावी लागली, आणि उंची कमी असल्यामुळे आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. 'गौरव'च्या व्युत्पत्तीची चर्चा करणाऱ्याने हा भार विसरू नये.

त्यानंतर बहीणभाऊ पायी उत्तर हिंदुस्थानात फिरले. झेलमच्या काठी थंडीपासून बचावण्यासाठी त्यांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून त्यांत स्वतःला पुरून घेतल्याची हकीकत रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. लौकिक अर्थाने हा गौरवच. परंतु ह्याच कलकत्त्यात स्त्रियांपुढे व्याख्याने देता यावीत म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे वाचावयास घेतली, आणि त्यांना असे आढळले की इतर सर्व बाबतींत परस्परविरोधी असणारे हे ग्रंथ एका गोष्टीत सहमत आहेत : स्त्री ही जातीने दुष्ट असून तिला स्वतःच्या बळावर मोक्षाचा मार्ग नाही. म्हणजे हिशेबाची वही होती, तिच्यात नावे पडलेली रक्कमही होती, आणि ती फेडण्याचा अधिकार मात्र नव्हता. अनंतशास्त्र्यांच्या कन्येने 'भोग' ह्या कल्पनेशी फारकत घेतली ती येथे. ख्रिस्ती धर्माशी त्यांचा गाढ परिचय अद्याप झालेला नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. कारण धर्मांतराच्या कैफियतीत हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेला. अशा रीतीने सुमारे दोन वर्षांत भाऊ, विवाह, कन्या आणि वैधव्य हे सर्व येऊन गेले. आता त्या स्वतः त्या वर्गात होत्या ज्याच्या दुःखाविषयी समाजाचा निकाल सर्वांत कठोर होता. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'हाय कास्ट हिंदू वूमन' ह्या ग्रंथात त्यांनी हा निकाल स्पष्ट मांडला आहे : वैधव्य ही पूर्वजन्मीच्या घोर पातकाची शिक्षा मानली जाते, आणि ते पातक जितके मोठे तितके वैधव्य लवकर येते अशी समजूत असल्यामुळे बालविधवेला सर्वांत जास्त सोसावे लागते. दुःखी माणसाला अपराधी ठरविले की त्याचे दुःख निवारण्याची जबाबदारी इतरांवर राहत नाही. 'भोग' ह्या शब्दाचा सामाजिक उपयोग हाच होता.

१८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि 'स्त्रीधर्मनीती' लिहिली. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. तेथे त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. ह्या आघातानंतर थोड्याच काळाने, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. टीकाकारांनी ह्या दोन घटनांचा संबंध लावून धर्मांतराला मानसिक दुर्बलतेचे कारण दिले. परंतु रमाबाईंनी स्वतः ज्या प्रसंगाला महत्त्व दिले तो वेगळा आहे. ह्या भगिनीसंघाने लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालविले होते. ज्यांच्या नुसत्या सावलीचाही कुलवंतांना विटाळ व्हावा अशा स्त्रियांची ममतेने सेवा होत असलेली त्यांनी तेथे पाहिली. असे का, म्हणून विचारता त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखाचा सिद्धान्त त्यांच्याकडे प्रथम सिद्धान्त म्हणून आला नाही. दुःखी व दोषी ठरलेल्या स्त्रीपुढे कोणीतरी निकालपत्र न वाचता उभे राहते, ह्या दृश्याच्या रूपाने तो आला.

हेही खरे, की चर्चने हातात दिलेले सर्व काही त्यांनी मुकाट्याने घेतले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचणाऱ्याला त्रैक्याच्या सिद्धान्तापासून आहाराच्या नियमांपर्यंत सर्वत्र चाललेला वाद दिसतो. त्यात भाषाभ्यासकाने अवश्य पाहावा असा एक मुद्दा क्रूसावरील लेखाचा आहे. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा प्रश्न होता. ब्राह्मण संस्कृताला देववाणी मानतात तसेच तुम्ही लॅटिनला मानता काय, असा टोलाही त्यांनी लगावला होता. पवित्र भाषेचा अहंकार त्यांनी घरात पाहिला होता. तो नव्या घरातही ओळखावयास त्यांना वेळ लागला नाही.

ह्या प्रश्नात पुढील चाळीस वर्षांची दिशा आहे. क्रूस कोणत्या भाषेत वाचावयाचा? त्या वेळी त्यांचे उत्तर संस्कृत होते. अखेरीस ते केडगावच्या बायकांची मराठी झाले.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले, आणि १८९३ साली तेथील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर प्रभृतींच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, 'केसरी'ने झोड उठविली, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दुसरी गोष्ट अंतर्गत. १८९१ च्या सुमारास आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशी जाणीव त्यांना झाल्याचे त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी झालेले हे दुसरे परिवर्तन हिशेबाच्या भाषेतच समजून घेता येते. जोपर्यंत आपल्या शुद्धीने, आपल्या साधनेने, आपल्या योग्यतेने देवापुढे उभे राहावयाचे, तोपर्यंत वही तीच असते, फक्त सावकार बदललेला असतो. ती वहीच मिटली गेली आहे अशी खात्री पटणे हीच त्यांच्या लेखी शांती होती. ह्या अर्थाने ती 'शम्' धातूची शांती नव्हे. त्यांच्या पुढील आयुष्यात काहीही निवले नाही.

१८९६–९७ चा दुष्काळ ह्याचे उदाहरण होय. मध्य प्रांतातील उपाशी मुलींच्या वार्ता आल्या तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगामुळे निर्बंध होते. म्हणून दौंडजवळ केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना उतरविण्यात आले. तेथे उभ्या राहिलेल्या संस्थेचे नाव 'मुक्ती' पडले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आलेल्यांसह ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. १८९७ साली त्यांनी आपल्या दुष्काळाच्या अनुभवांविषयी जे लिहिले त्यात आईवडिलांच्या मरणाची कथा येते ती ह्याच संदर्भात. वीस वर्षे जे दुःख नुसते स्मृती होते ते आता दुसऱ्याची भूक ओळखण्याचे साधन झाले. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला दुःखसहभाग म्हणतात तो येथे भावनेच्या पातळीवर नाही. विहिरी, धान्याची कोठारे आणि निजावयाच्या जागा ह्यांच्या पातळीवर आहे.

येथे एक रास्त आक्षेप घेता येतो. दुःखातून गौरव मिळते असे उपाशी मुलीला सांगणे हे तिला 'भोग' सांगण्यापेक्षा कितपत वेगळे? दोन्ही शिकवणींनी माणूस मुकाट सोसावयास शिकू शकतो. युरोपातही ह्या शिकवणीचा असा उपयोग पुष्कळ झालेला आहे. शिवाय दुष्काळात अन्न देणाऱ्याचाच धर्म स्वीकारणे हे कितपत स्वेच्छेचे, हा प्रश्नही समकालीनांनी विचारला आणि तो निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. १९०५ साली मुक्तीत जी धार्मिक जागृती झाली, सामुदायिक रुदन व प्रार्थनांचे जे दिवस आले, त्यांचे वर्णन भक्त आणि टीकाकार यांनी इतक्या भिन्न रंगांत केले आहे की त्यावरून निर्णय करणे कठीण. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे निःशंक उत्तर नाही. पहिल्याचे मात्र संस्थेच्या रचनेत मिळते. मुक्तीत सोसणे हा अभ्यासक्रम नव्हता. तेथे शेती होती, विणकाम होते, तेलघाणा होता, छापखाना होता. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. अंधांसाठी, शुभवर्तमानातील आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून, बार्तिमी सदन होते, आणि तेथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. दुःख गौरवशाली आहे म्हणून ते राखून ठेवावे असे ह्या व्यवस्थेत कोठेच दिसत नाही. दुःखी माणूस वजनाचा आहे, एवढेच तिचे म्हणणे दिसते.

संस्कृतातील 'सह्' धातूचा इतिहास येथे आठवल्यावाचून राहत नाही. वैदिक भाषेत त्याचा अर्थ जिंकणे, प्रतिपक्षाला दाबून टाकणे असा होता. त्यावरून प्रतिकार करीत टिकून राहणे, आणि शेवटी नुसते सोसणे असा तो उतरत आला. आजच्या मराठीतील 'सहन' ह्या शब्दात विजयाचा लवलेशही उरलेला नाही. रमाबाईंच्या चरित्रात हा शब्द जणू उलट्या दिशेने चाललेला दिसतो.

मुक्तीतील ज्या बायकांना बायबल वाचावयाचे होते त्यांना प्रचलित भाषांतर समजत नसे. त्यातील संस्कृतप्रचुर धर्मशब्द एकतर कळत नसत, किंवा कळले तर मागील अर्थासह कळत. पुराणिकाच्या मुलीला हा धोका इतरांपेक्षा अधिक जाणवला असावा. ज्या शब्दांनी तिने स्वतः लोकांना पुराणे सांगितली होती तेच शब्द शुभवर्तमानात पाहिल्यावर ते कोठकोठले अर्थ बरोबर आणतात हे तिला ठाऊक होते. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मुळावरून सोप्या मराठीत उतरविण्याचे काम एकटीने अंगावर घेतले. हिंदू तत्त्वज्ञानाची छाया असलेले शब्द टाळावेत आणि खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजेल असे लिहावे, ही त्यांची दोन सूत्रे होती. गंगामुळाच्या आश्रमात संस्कृतावर वाढलेल्या आणि कलकत्त्यात त्याच भाषेमुळे 'सरस्वती' झालेल्या स्त्रीने संस्कृताचा त्याग करावा, ह्यात केवढी किंमत होती ते बाहेरून मोजता येणारे नाही.

ह्या निर्णयाची भाषिक बाजू मात्र तपासता येते, आणि तेथे त्यांच्याशी पूर्ण सहमत होणे अवघड आहे. अर्थ शब्दाला चिकटलेला असतो हे खरे. पण तो वापराने बदलतो हेही तितकेच खरे. ग्रीक 'डोक्सा' जर 'मत' ह्या अर्थावरून 'गौरव'पर्यंत जाऊ शकला तर मराठी 'शांती'लाही नवी जखम धारण करता आली असती. स्टीफन्सने वैकुंठाला नवा धनी दिला होता. रमाबाईंच्या समकालीन नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) तर उलट मार्ग धरला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. अभंग आणि कीर्तन ह्यांत त्यांनी ख्रिस्तभक्ती ओतली. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई यांच्या वाट्याला जी ताटातूट आली तिचा वृत्तान्त 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे, आणि दुःखाविषयी विनोदाने बोलण्याची जी रीत त्यांनी तेथे दाखविली तिला ख्रिस्ती वाङ्मयात जोड मिळणे कठीण. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या तुकारामाच्या वाणीत दुःखाचा जो दुसरा, हिशेबापलीकडचा अर्थ होता तो टिळकांना जवळचा वाटला. रमाबाई वारकरी वातावरणात वाढलेल्या नव्हत्या. तीर्थक्षेत्रे, व्रते आणि दक्षिणा ह्यांच्या मार्गावरच त्यांनी आपली माणसे गमावली. त्यांच्या दृष्टीने तो पूल नव्हता. त्या वाटेवर त्यांची प्रेते पडलेली होती. ज्याचे दुःख वेगळे त्याचा शब्दकोशही वेगळा असतो, आणि टिळकांच्या कोशाने रमाबाईंना मोजणे योग्य नव्हे.

परिणामाच्या दृष्टीने पाहता टिळकांची पदे मराठी चर्चांत सर्वत्र गायिली गेली, रमाबाईंचे बायबल मात्र सार्वत्रिक वापरात आले नाही. भाषांतराला एक परंपरा लागते, वाचणारा समूह लागतो; एका वसाहतीचे बायबल त्या वसाहतीबाहेर सहज जात नाही. तरीही एका स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलाचे भाषांतर करावे, ही घटना कोणत्याही भाषेच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावी लागेल.

शेवटची वर्षे कठीण होती. त्यांना ऐकू येणे फार कमी झाले होते. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवावयाची ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीतच, गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती कन्या अशी ही यादी पुरी झाली. जुन्या हिशेबाने पाहिले असते तर ह्या बाईइतकी मोठी देणेकरीण दुसरी कोणी नव्हती. त्या भाषांतराच्या कामाकडे परतल्या. अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते काम संपल्यावरच त्यांनी देह ठेवला, असे मुक्तीच्या परंपरेत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले आणि फर्मे छापले ते तेथल्याच स्त्रियांनी.